वेखंडाला न भिणारे

आमच्या इमारतीत कुणाचे वर्षाचे गहू भरायचे असले की पहिलं बोलावणं मला येतं. उगाच नाही येत. लग्न होऊन नारायण पेठेत आले तेव्हापासून सुनीतीच्या तांदळात एक पोरकिडा कुणी दाखवावा, नाव बदलीन. एप्रिलच्या उन्हात कडकडीत वाळवायचं, गव्हाला एरंडेलाचा हात लावायचा आणि प्रत्येक डब्यात वेखंडाचे तुकडे टाकायचे. समोरच्या शैलाताई अळ्या झालेला रवा घेऊन दारात येतात, तेव्हा मी एक अक्षर बोलत नाही. फक्त "अगं बाई!" म्हणते. तेवढं पुरतं.

तर अशा माझ्या घरात, माझ्या पोटच्या मुलीनं पोरकिड्यांनी वळवळणारी तांदळाची बरणी आणली.

तनुजा किड्यांवर पीएच.डी. करते. लोकांच्या मुली हिंजवडीच्या बसमध्ये डुलक्या काढत का होईना, कॉम्प्युटरपाशी जाऊन बसतात. आमची किडे वाढवते. तिच्या कॉलेजच्या इमारतीला वाळवी लागली, म्हणून तिथे औषधफवारणी निघाली. ते औषध या किड्यांना कसं सोसणार? आणि नेमकं त्याच वेळी हिला हैदराबादला कुठल्याशा मशिनवर काम करायला जायचं होतं.

"मी पोरकिडे सांभाळू? माझी अब्रू काय राहील गं?"

"आई, हे साधे नाहीत," ती म्हणाली. "तीन वर्षं मी यांना वेखंड घातलेल्या तांदळात वाढवतेय. बहुतेक मेले. जे तगले त्यांची पिल्लं, मग त्यांची पिल्लं, असं करत हे आले. हे वेखंडाला भीत नाहीत. का भीत नाहीत, तेच माझं सगळं काम आहे. हे गेले तर मी पुन्हा पहिल्या पायरीवर."

मग तिनं भिंग माझ्या हातात दिलं. एक मादी सोंडेनं दाण्याला भोक पाडत होती. तनुजा म्हणाली, आता ती आत एक अंडं घालेल आणि वरून भोक लिंपून टाकेल. अळी आतच खाणार, आतच कोषात जाणार, आणि बाहेर येणार ती थेट किडा होऊन. तोवर दाणा वरून स्वच्छ! मी बोलून दाखवलं नाही, पण त्या बयेचं मला कौतुक वाटलं. एका लेकराला एक खोली, आणि वर दार लिंपलेलं. बाळंतिणीची खोली तरी कुठे एवढी जपतात?

तनुजा गेली. मी बरणीवरचं तिचं लेबल सोलून काढलं आणि बरणी ओट्याखाली पुरणयंत्राच्या मागे सारली. यांनासुद्धा सांगितलं नाही. श्यामसुंदररावांच्या पोटात काही राहत नाही. सकाळी फिरायला गेले की बातमी संध्याकाळपर्यंत शनिवार पेठेत पोहोचते.

चार दिवस गेले असतील. मी मंडईतून आले, तर हे दारातच उभे, चेहरा असा की बक्षीस मिळालंय.

"सुनीती, तुझी लाज राखली आज."

यांनी अडकित्ता शोधायला ओट्याखालचं कपाट उघडलं आणि बरणी सापडली. बायकोला कळलं तर जीव तुटेल बिचारीचा, असं वाटलं यांना. म्हणून गच्चीवर जुनं धोतर पसरून तांदूळ उन्हात घातले. किडे सैरावैरा पळाले. उरलेले यांनी चाळले, निवडले, आणि तांदूळ पुन्हा बरणीत भरले. "एक किडा ठेवला नाही!"

कर्म माझं! अख्ख्या संसारात पहिल्यांदा या माणसानं तांदूळ निवडले, आणि निवडले ते असे!

मी पिशवी खाली ठेवली आणि यांना सगळं सांगितलं. यांचा चेहरा बघवेना. तनुजाला फोन मीच केला. ती रडायलाच लागली. "संपलं गं आई."

माझी लेक सहसा रडत नाही. मला एकदम रागच आला. कुणाचा, ते विचारू नका.

"संपलं कसं? दाणे आहेत की! त्या बाया दारं लिंपून गेल्यात ना?"

पलीकडचं रडणं थांबलं. "ऊन कसं होतं?"

"जानेवारीचं. पापडसुद्धा वाळायचा नाही त्यात."

"आई, तांदूळ टाकू नकोस. उबेत ठेव. अगदी कोरडे पडू देऊ नकोस."

हे मला सांगायला हवं? कीड कशानं लागत नाही ते मला पाठ होतं. तेच सगळं उलटं करायचं. फ्रिजच्या मागे मी जिथे थंडीत विरजण ठेवते, तिथल्या उबेला बरणी ठेवली. फडक्यानं तोंड बांधलं, शेजारी पाण्याची वाटी ठेवली, वरून यांचा मफलर गुंडाळला. आयुष्यभर ज्या दमटपणाशी भांडले, त्याचेच लाड करत बसले. यांनी तर चहाच्या आधी बरणीत डोकवायचा नेमच धरला. शैलाताई एकदा साखर मागायला आल्या, मफलर बघून म्हणाल्या, "हे काय हो?" मी म्हटलं, "विरजण."

रोज संध्याकाळी फोन यायचा आणि रोज मी "अजून नाही" म्हणायचे. तनुजा "बरं" म्हणायची. त्या "बरं"नंतर मी पुन्हा एकदा बरणीत डोकावून यायचे.

आणि एका सकाळी हे स्वयंपाकघरातून असे ओरडले की जिन्यात ऐकू गेलं. "सुनीती! झाला! अगं, झाला!"

मी ओल्या हातानं धावले. एका दाण्याला भोक पडलं होतं आणि त्यातून सोंड बाहेर आली होती. मग डोकं, मग पाय. तांबूस, कोवळा, ठणठणीत! पलीकडच्या दाण्यातून दुसरा निघत होता. मी व्हिडिओ कॉल लावला. तनुजानं फोन बरणीच्या अगदी जवळ धरायला लावला. मग म्हणाली, "आई, वेखंड टाक."

डब्यातला वेखंडाचा तुकडा काढून मी बरणीत टाकला. पहिला पोरकिडा त्याच्यापाशी गेला, थांबला, आणि चढला की वर! आयुष्यभर माझं धान्य राखणाऱ्या वेखंडावर ऐटीत फिरायला लागला. आणि तुम्हाला सांगते, माझी छाती अशी भरून आली! माझ्या लेकीनं वाढवलेली जात ती. अशी तशी मरते होय?

"जगले गं तुझे," मी म्हटलं. आता रडण्याची पाळी माझी होती.

आरडाओरडा ऐकून शैलाताई उघड्या दारातून आत आल्या. "काय झालं? कुणाला झालं?"

बरणी लपवायला वेळ होता. मी लपवली नाही. त्यांच्या हातावर चिमूटभर साखर ठेवली आणि बरणी पुढे केली.

"तोंड गोड करा, शैलाताई. आमच्याकडे पोरकिडे झाले."

त्यांनी बरणीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"अगं बाई!"

आज तेवढ्यावर भागणार नव्हतं. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि भिंग हातात दिलं.