खिडकी वाढवा

जवाहर मगदूम सरांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची होती: मराठी न येणारी, आणि आपल्याला येतं असं वाटणारी. तिसऱ्या प्रकारात ते स्वतः होते, आणि तिथं गर्दी नव्हती.

सांगलीच्या एका कॉलेजात मराठी शिकवून ते निवृत्त झाले होते. वर्गातल्या पोरांबद्दल त्यांना कधी प्रेम वाटलं नाही. प्रेम होतं ते शब्दांवर. नोकरीभर ते हळदीच्या पेठेत, हरिपूरला जमिनीखाली हळद साठवायच्या पेवांवर, पार कर्नाटकच्या शिवेपर्यंत हिंडले आणि तिथल्या बोलीचा कोश जमवला. हळकुंडं निवडणाऱ्या हरणाबाईनं तर एकटीनं त्यांना हळदीच्या वासाचेच इतके शब्द दिले, की सर घरी येऊन जेवायचं विसरले होते. हरणाबाई पुढं वारली. पेवात उतरणारे म्हातारे हमालही एकेक करून गेले. शब्द तेवढे सरांकडे राहिले.

आधी ते चिठ्ठ्यांवर होते. चिठ्ठ्यांना वाळवी लागली, तेव्हा सरांनी नाक मुरडत संगणक घेतला आणि त्यावर डॉसचा एक मराठी प्रोग्रॅम घातला. टाइप करायला पिंकी नावाची मुलगी ठेवली. एकेक शब्द त्यात गेला आणि उरलीसुरली चिठ्ठी बंबात गेली. अठ्ठ्याण्णव साली तो संगणक दमला, म्हणून मुलानं, गोमटेशनं, पुण्याहून नवा पाठवला. नव्यावर जुना प्रोग्रॅम चालेना. कोल्हापूरच्या छापखान्याला दिवाळीनंतर कोश देतो असा शब्द सरांनी दिलेला. मग ओळखीतून राजरत्न खंडागळेला बोलावणं गेलं.

राजरत्न साताऱ्याचा. शिरवळच्या एका कारखान्यातले संगणक सांभाळायचा आणि रविवारी अशी कामं करायचा. त्यानं दारातूनच "नमस्कार सर, मशीन कुठं हाय?" म्हटलं आणि सरांच्या कपाळाला आठी पडली. इंजिनिअर म्हणवतो आणि 'हाय' म्हणतो. हाच 'हाय' एखाद्या हमालानं म्हटला असता तर सरांनी तो भक्तिभावानं टिपून घेतला असता. शब्द कोशात असला की त्यांना प्यारा, आणि पँट घातलेल्या माणसाच्या तोंडात आला की अशुद्ध.

राजरत्नही काही कमी नव्हता. "ह्यो प्रोग्रॅम अजून कोन वापरतं? संग्रहालयात ठेवा ह्येला," म्हणत तो कामाला बसला. दुपारपर्यंत त्यानं नव्या मशीनच्या पोटात एक खोटं जुनं मशीन उभं केलं. त्या खोट्या मशीनच्या खिडकीत प्रोग्रॅम चालू झाला, जुन्यावरून उतरवलेला कोश दिसला, जुना संगणक भंगारात गेला, आणि सरांनी आभार न मानता चहा मागवला.

मग राजरत्ननं मशीनला जोडलेल्या कॅसेटसारख्या टेपवर सगळ्या फायलींचा बॅकअप घेऊन बघितला आणि शिव्या ओठातच दाबल्या. बाकी सगळं टेपवर गेलं, कोश तेवढा नाही. त्यानं बॅकअपच्या सगळ्या कळा फिरवून पाहिल्या, पण जुन्या-नव्याचं काही जमेना.

"सर, आसं हाय," तो शेवटी म्हणाला. "खोटं मशीन चालू असलं की त्ये कोशाची फाइल मुठीत धरून बसतं. बॅकअप येतो, मूठ सुटंना म्हनल्यावर तेवढी सोडून म्होरं जातो. बोंबलत बी न्हाई. तवा रोज सांजच्याला ही खिडकी बंद करायची, मग टेप घालायची. सातला बॅकअप आपला आपन सुरू हुईल."

"बंद?" सर म्हणाले. "आमच्या घराण्याचं पेठेत दुकान होतं. रात्री फळ्या लावताना आम्ही ते कधी बंद केलं नाही, वाढवलं. दिवा वाढवतात, दुकान वाढवतात. कोशाचं काम बंद करा, असं अभद्र या घरात कोणी बोलायचं नाही. खिडकी वाढवायची म्हणा."

"वाढवा की. मशीनला काय त्याचं?" राजरत्न म्हणाला. सांगितल्याप्रमाणे स्वतः खिडकी मिटवून त्यानं बॅकअप घेतला, कोश टेपवर आल्याचं दाखवलं आणि जाता जाता म्हणाला, "मधनंमधनं टेपवरनं कोश परत काढून बघत जावा."

"लोणचं मुरलं का म्हणून मी बरणीत हात घालत नाही," सर म्हणाले. तंत्रज्ञ माणसाला स्वतःच्याच कामावर भरवसा नसतो, असा शेराही त्यांनी त्याच्या पाठीवर मारला.

सोमवारी पिंकी आली तेव्हा सरांनी तिला नवी रीत सांगितली. "संध्याकाळी जाताना खिडकी वाढवायची आणि टेप घालायची. बंद हा शब्द मला ऐकू यायला नको."

"वाढवायची म्हंजे कशी, सर?"

सरांनी तिच्याकडं असं बघितलं, की तिला शाळेतला बाक आठवला. "मराठीतून शिकलीस ना? वाढवणे कळत नाही? मग कोशात टाइप काय करतेस, डोंबल?"

पिंकी टाइप करायला बसली. त्यानंतर तिनं सरांना कसलाही अर्थ विचारला नाही. सरांना हे तिच्या प्रगतीचं लक्षण वाटलं.

उन्हाळ्यात विजेचा लपंडाव सुरू झाला, आणि एका सकाळी संगणक उघडेना. आतली डिस्क गेली होती. सर मुळीच घाबरले नाहीत. उलट शेजाऱ्याला त्यांनी बॅकअप म्हणजे काय यावर ऐटीत व्याख्यान दिलं. राजरत्न आला, नवी डिस्क बसवली, टेप घातली. एकेक गोष्ट परत येऊ लागली. नगरपालिकेच्या पाट्यांवरच्या चुकांबद्दल सरांनी लिहिलेली पत्रं आली. संपादकांचं व्याकरण काढणारी पत्रं आली. दुसऱ्यांच्या कोशांच्या त्यांनी केलेल्या चिंध्या आल्या. एका सहकाऱ्याच्या सत्कारासाठी लिहिलेला, आणि वाचू न दिलेला, लेखही आला.

मग राजरत्ननं जुना प्रोग्रॅम उघडला. कोश कोरा होता.

त्यानं दुसरी टेप घातली, तिसरी घातली. त्यानं स्वतः घेतलेला पहिला बॅकअप त्याच टेपांवर फिरून फिरून केव्हाच पुसला गेला होता. सगळीकडं एकच ओळ: एक फाइल वापरात होती, सोडून दिली.

"पिंकी," तो हळूच म्हणाला, "रोज खिडकी वाढवत व्हतीस न्हवं?"

"व्हय. एक दिस चुकली न्हाई."

"करून दाव बगू."

पिंकीनं कोपऱ्यातल्या चौकोनावर टिचकी मारली. लहानशी खिडकी सगळ्या पडद्यावर पसरली. "ही वाढवली," ती म्हणाली. "आमच्या क्लासात आसंच शिकिवलंय. रेघेवर दाबलं की लहान, चौकोनावर दाबलं की वाढती, फुलीवर दाबलं की बंद. सर बंद नको म्हनले, म्हनून मी फुलीला बोट बी लावलं न्हाई."

सरांच्या जिभेवर गाढव, मठ्ठ, अडाणी असे शब्द रांगेनं येऊन उभे राहिले. त्यांतला एकही बाहेर पडला नाही. या पोरीनं आपल्याला विचारलं होतं, आणि आपण तिला डोंबल म्हणालो होतो, हे त्यांना स्वच्छ आठवलं. हरणाबाई मेली ती आत्ता, असं त्यांना वाटलं.

राजरत्ननं सामान पिशवीत भरलं. सांत्वन करायचं त्याच्या मनात नव्हतं. "बॅकअपनं तुमचा एक शब्द सोडला न्हाई, सर," तो म्हणाला. "सोडले ते दुसऱ्यांचे."

तो गेला. मग सरांनी पिंकीला छापखान्याला पत्र लिहायला बसवलं.

"लिही. आमचा कोश कालौघात विलीन झाला आहे."

पिंकीची बोटं थांबली. तिनं मान वर केली नाही. "सर, विलीन म्हंजे? छापखान्यावाल्यास्नी कळंल का ते?"

बाहेर एक रिक्षा उगाच हॉर्न वाजवत होती.

"नाही कळणार," ते म्हणाले. "तू असं लिही, कोश पुसला गेला. माझ्यामुळं."

पिंकीनं ते टाइप केलं आणि पुढं काय, म्हणून थांबून राहिली.