एकादशीची गोळी

"आ कर. जीभ वर उचल."

सुंदराबाईने स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून तोंड उघडले. श्यामलाबाईंनी चष्मा सावरला, दाताच्या फटींपर्यंत नजर फिरवली आणि खात्री झाल्यावरच मान हलवली. चावून खायची पांढरी जंताची गोळी पोटात गेली होती.

सहा वर्षांची नात राजनंदिनी हिला जंत झाले होते. डॉक्टरांनी बजावले होते, "घरातल्या प्रत्येकाने, कामाच्या बाईनेसुद्धा, एकाच दिवशी गोळी घ्यायची. पंधरा दिवसांनी पुन्हा एक. एकाने जरी चुकवली, तरी जंत घरभर फिरत राहतात." गोळ्यांचे वाटप श्यामलाबाईंनी आपणहून अंगावर घेतले. बिबवेवाडीतल्या त्या तीन खोल्यांच्या घरात पंचेचाळीस वर्षे त्यांचाच शब्द चालत आला होता.

मुलगा, सून नम्रता, नात आणि सुंदराबाई, सगळ्यांच्या गोळ्या झाल्या. उरली ती त्यांची स्वतःची. पण त्या दिवशी एकादशी होती. गोळीत कोणते पीठ असेल, कोण जाणे! दात लावून खायची वस्तू, म्हणजे उपास मोडणारच. त्यांनी ती देव्हाऱ्याच्या खणात, वातींच्या डबीत ठेवली. द्वादशीला उपास सुटला. गोळी मात्र डबीतच राहिली. जंत होतात ते नखात माती असलेल्यांना, रोज सोवळ्याने स्वयंपाक करणाऱ्या बाईला कुठले जंत?

पंधरा दिवसांनी दुसरी पाळी आली, ती नेमकी पुढच्या एकादशीला. वातींच्या डबीत दोन गोळ्या झाल्या.

महिनाभरात राजनंदिनी पुन्हा रात्री खाजवत रडू लागली. नम्रता डॉक्टरांकडून परतली ती कपाळाला आठ्या घालूनच. "आई, डॉक्टर विचारत होते, गोळी चुकवली कोणी?"

विहिरीत पडणाऱ्याने हाताला येईल ते धरावे तसे श्यामलाबाईंच्या तोंडून निघाले, "आपल्यातल्या कोणाचे नाव घ्यायचे? बाहेरून येतात त्यांचे पाहा."

सुंदराबाई ओट्याशी भांडी पुसत होती. वाशीमकडची बाई, सात वर्षांत तिने या घरात आवाज चढवला नव्हता. हातातली कढई खाली ठेवून ती म्हणाली, "आजी, तुमच्यासमोर खाल्ली न मी. दोन्ही खेपेला. तोंड उघडून दाखवलं."

"गालात धरून ठेवायला कितीसा वेळ लागतो? घरी जाऊन थुंकली असशील. उद्यापासून येऊ नकोस."

सुंदराबाईने फडके पिळून दांडीवर वाळत घातले. खिडकीत उपडा ठेवलेला, तिच्यासाठी वेगळा काढलेला, कान तुटलेला कप तिने उचलला आणि पिशवीत टाकला. "हा माहाच आहे न? मग नेतो," एवढेच बोलून ती गेली.

चार दिवस नम्रता ऑफिसला जाण्यापूर्वी भांडी घासत राहिली. पाचव्या दिवशी ती लेकीची नखे कापायला बसली.

"आजीचीपण काप," राजनंदिनी म्हणाली. "माझ्याशेजारी झोपते ना, तेव्हा तीपण खाजवते. म्हणते, घामोळे आहे."

नेलकटर थांबला. नम्रताने मान वर केली. "आई, तुमच्या गोळ्या?"

"घेतल्या." इतका सफाईदार शब्द! श्यामलाबाईंना स्वतःचीच किळस आली. "थंडीतही घामोळे येते वाटते हल्ली," असे पुटपुटून नम्रताने पुन्हा नखे कापायला घेतली. त्या एका वाक्याने श्यामलाबाईंना बसल्या जागी उघडे पाडले.

दुपारी त्यांनी वातींची डबी पिशवीत घातली आणि रिक्षा करून सुंदराबाई राहायची त्या, टेकडीवरच्या अप्परच्या वस्तीत गेल्या. कधी न चढलेला तो चढ, नळाशी उभ्या असलेल्या बायका, त्यांच्या रोखलेल्या नजरा. सुंदराबाईचे घर विचारताना त्यांचा आवाज आयुष्यात प्रथमच खाली गेला.

सुंदराबाईने चटई टाकली. घरातल्यांच्याच स्टीलच्या पेल्यात पाणी दिले. श्यामलाबाईंनी पेला तोंडाला लावला, पाणी संपवले आणि डबी उघडून पुढे धरली.

"दोन्ही माझ्या. एकादशी होती म्हणून ठेवल्या. जंत माझ्यापासून गेले पोरीला, आणि नाव मी तुझे घेतले."

दाराशी शेजारणी गोळा झाल्या होत्या. त्यांना घालवून द्यावे असे श्यामलाबाईंच्या मनात आले. पण सुंदराबाईलाही त्यांनी सुनेच्या देखतच उभे केले होते. त्या दिवशीही एकादशीच होती; तरी त्यांनी एक गोळी उचलली, चावली, गिळली. चव खडूसारखी होती. मग त्यांनी तोंड उघडले, जीभ वर उचलली आणि तशाच बसून राहिल्या.

सुंदराबाईने मान फिरवली. "मिटा तोंड, आजी. मले नाही पाहाचं."

"कामावर येशील?"

"नाही. वरच्या सोसायटीत धरलं काम."

गुडघ्यावर हात टेकून श्यामलाबाई उठल्या. उंबऱ्यापाशी सुंदराबाईने डबी त्यांच्या हातात परत दिली. आत उरलेली एक गोळी खुळखुळली.

"ही पंधरा दिवसांनी घ्या. पुढची एकादशीच येईल, मोजलं मी. तरी घ्या."