तारेखालून येणारा डबा

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही आणि त्यात तुमची काही चूक नाही. मी जमिनीखाली राहते. मी एक जुनी पाइपलाइन आहे. अल्जीरियाच्या वाळवंटातला गॅस पोटात घेऊन मी सरहद्दीच्या तारेखालून मोरोक्कोत शिरते आणि पुढे समुद्राच्या तळाने स्पेनला जाते. थंडीत मेंढ्या नेमक्या माझ्या डोक्यावरच्या जमिनीवर येऊन बसतात, कारण तिथे जरा ऊब असते. आयुष्यात मला मिळालेला सर्वांत प्रामाणिक मान तोच.

बाकीचे मान उद्घाटनाच्या दिवशी मिळाले. दोन्हीकडचे साहेब आले होते. एकाने मला बंधुभावाची रक्तवाहिनी म्हटलं, दुसऱ्याने टाळ्या वाजवल्या. मग दोघंही आपापल्या बाजूने परत गेले, कारण माणसांसाठी सरहद्द तेव्हाही बंदच होती.

मोरोक्कोकडच्या माझ्या ठाण्यावर बेलकासम कामाला होता. त्याची बायको झुलीखा पलीकडची. ती लग्न होऊन या बाजूला आली आणि तिच्या मागे दार लागलं. टेकडीवर चढलं की माहेरच्या गावातला धूर दिसायचा. विमानाने जाता येत होतं म्हणा. पण विमान राजधानीतून उडतं, आणि एवढ्या उंचावरून त्याला गरीब माणूस दिसत नाही.

तिचा भाऊ तय्येब पलीकडच्या ठाण्यावर होता. मेहुणे मेहुणे माझ्या दोन बाजूंना, ही व्यवस्था मला फार आवडायची. ठाण्याच्या फोनवर त्यांनी फक्त कामाचं बोलायचं, असा नियम होता. तय्येब नियम पाळायचा. "गॅसचा दाब ठीक आहे," तो सांगायचा. "यम्माचा वाढलाय." यम्मा म्हणजे त्यांची आई.

आता मला आतून साफ करावं लागतं. त्यासाठी पलीकडून एक पोलादी घासणी माझ्यात सोडायचे, आणि गॅसच तिला ढकलत इकडे आणायचा. दोन्हीकडचे कामगार तिला गाढव म्हणत. या सरहद्दीवर गाढवं पाठीवर पेट्रोलचे कॅन घेऊन, धन्याशिवाय, एकटीच पलीकडून इकडे येतात. पकडली गेली तरी कुणाचं नाव सांगत नाहीत. माझं गाढवही त्याच घराण्यातलं निघालं. त्याच्या पोटात थोडी पोकळी होती. तिथे काहीही ठेवू नये, असा कडक नियम होता, आणि त्यावरूनच तय्येबला तिथे काहीतरी ठेवायचं सुचलं.

त्याने घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा बांधला. आत यम्माने केलेले मक्रूत, म्हणजे खजूर भरून तळलेल्या, मधात बुडवलेल्या रव्याच्या वड्या. मक्रूत मूळचे आमचेच, असं दोन्ही देश म्हणतात, आणि अगदी एकाच सुरात म्हणतात.

इकडे बेलकासम माझं झाकण उघडायचा, काळ्या भुकटीने माखलेला डबा शर्टाने पुसायचा आणि घरी न्यायचा. झुलीखा पहिला घास खाऊन डोळे मिटायची आणि म्हणायची, यम्माच्या हाताला हल्ली ग्रीसचा वास येतो. मग शेवटची एक वडी फडक्यात गुंडाळून ठेवायची, पुढचा डबा येईपर्यंत.

पण मित्रांनो, गॅस एकाच दिशेने वाहतो. डबे यायचे, जायचे नाहीत. यम्मा फोनवर झुलीखाकडे कुरकुरायची, "लग्नाआधी तुला मक्रूत फक्त जाळायला येत होते. आता जमतात म्हणतेस. फोनवर ऐकू सगळं येतं गं, चव येत नाही. मरायच्या आधी एक पाठव."

"गाढव उलटं चालत नाही, यम्मा."

"मग शिकवा त्याला. तुमच्याकडे एवढे शिकलेले लोक आहेत."

पुढे दोन्ही राजधान्यांमध्ये पुन्हा बिनसलं. राजदूत परत गेले, आकाशसुद्धा बंद झालं. माझा करार संपला आणि नवा कुणी केला नाही. एका सकाळी तय्येबचा फोन आला. "भावा, झडप बंद करतोय." बेलकासम म्हणाला, "कर." मग दोघंही फोन कानाला धरून बसले. माझ्या आतली घरघर मंदावत गेली आणि थांबली. त्या थंडीत मेंढ्या येऊन बसल्या, जमीन हुंगली आणि उठून दुसरीकडे गेल्या. पोकळ असणं हा माझा धंदाच आहे. पण रिकामं असणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं.

आणि पुढच्या उन्हाळ्यात गॅस आला. उलटा! स्पेनकडून, समुद्राखालून, माझ्याच पोटातून सरहद्दीच्या दिशेने. आठवड्याच्या बाजारात बातमी पसरली. झुलीखाने चूल पेटवली. जुना डबा राखेने घासून लख्ख केला, भरला आणि भरदुपारी ठाण्यावर हजर झाली.

"अरे माणसा, आता गाढवही उलटं जाईल ना?"

"जाईल."

"कुठपर्यंत?"

बेलकासमने हातातला पाना खाली ठेवला. "विजेच्या कारखान्यापर्यंत. गॅस तिथेच जळतो. तिथून सरहद्दीपर्यंत ही रिकामी आहे. तोंडाला जाड पत्रा ठोकलाय."

झुलीखाने डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून पाहिलं. "ठेव तरी," ती म्हणाली.

बेलकासमने डबा उचलला. सरहद्दीजवळ माझी झडप जमिनीबाहेर डोकावते. तिथवर तो चालत गेला आणि त्या पत्र्याला टेकवून डबा ठेवून आला. त्या संध्याकाळी यम्माने फोनवर विचारलं, गाढव निघालं का? झुलीखा म्हणाली, निघालंय. यम्मा खूश झाली. गाढवच ते, वेळ लागायचाच, म्हणाली.

थंडीत ठाण्याचा फोन वाजला. सांगायला दाब नव्हता, म्हणून तो बरेच दिवस वाजला नव्हता.

"यम्मा गेली," तय्येब म्हणाला. मग म्हणाला, "रोज विचारायची, गाढव कुठवर आलंय."

झुलीखा टेकडीवर जाऊन उभी राहिली. यम्माची माती तिने धुराच्या दिशेला तोंड करून, लांबूनच केली.

माझी काळजी करू नका, मित्रांनो. त्या झडपेला अजून दरवर्षी रंग लावायला माणसं येतात. जी वस्तू चालत नाही तिला सरकार फार जपतं. रंगवणारे डबा उचलतात, रंग देतात आणि परत तिथेच ठेवतात. कुणाचा, ते विचारत नाहीत. तुमच्याकडे कुणी एक वडी मागितली, तर वाट उघडी आहे तोवर पाठवा. जळलेली असली तरी पाठवा. गॅस उलटा वाहायची वाट पाहू नका. तो वाहिला होता. माझ्याच पोटातून वाहिला, आणि तारेच्या अलीकडेच थांबला.

डबा अजून माझ्या तोंडाशी आहे. झाकण घट्ट आहे.