पावसाला दाखवलेलं ऊन

कोकणात कागद टिकवणं हे काही खायचं काम नाही. पावसाळ्यात भिंतींना पाझर फुटतो, आणि उरलेलं वर्ष वाळवी जेवायला बसते. हौसाने मात्र कागद टिकवले होते आणि तिला त्याचा ताठा होता. असायलाच हवा.

पावस गावाच्या वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, पूर्वी पाऊस मोजायचं एक लहानसं केंद्र होतं. तिचा नवरा महिपत तिथलं यंत्र सांभाळायचा. यंत्रातल्या फिरत्या डब्यावर तो रोज नवा तक्ता गुंडाळायचा, आणि पाऊस पडला की यंत्राचा टाक त्यावर जांभळ्या शाईने रेघ ओढायचा. साधा पाऊस असला की रेघ तिरकी चढे, धो धो असला की ताठ.

एका श्रावणात भरदुपारी ती अशी काही ताठ चढली की वरच्या कचेरीत कुणाचा विश्वासच बसला नाही. यंत्र बिघडलं असेल, नाहीतर माणूस, असं उत्तर आलं. आकड्यापुढे शेरा बसला, ‘संशयास्पद’. पुढे केंद्र बंद पडलं, तेव्हा रद्दीत निघालेले तक्ते महिपतने मागून घरी आणले. तो शब्द शेवटपर्यंत त्याच्या घशात काट्यासारखा अडकून होता. जाताना बायकोला एवढंच म्हणाला, “कागदांना ओल लागू देऊ नुको. कोन तरी इचारायला येईल.”

ओल म्हटल्यावर कोकणातली बाई काय करणार? दर वैशाखात आमसुलं, मिरच्या आणि वाकळांबरोबर हौसा ते तक्तेही अंगणात मांडू लागली. वर दगड ठेवायची, तिन्हीसांजेला उचलून ट्रंकेत घालायची. ऊन दाखवल्याशिवाय या मुलखात काही राहत नाही, हे तिला आईने शिकवलं होतं. पुढे पुढे रेघा फिकट दिसायला लागल्या, तेव्हा तिने आपल्या डोळ्यांना बोल लावला. मोतीबिंदू वाढत होताच.

आणि सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात खरंच कुणी आलं. पावसाच्या जुन्या नोंदी गोळा करत फिरणारा हरिश्चंद्र नावाचा पुण्याचा संशोधक हातखंब्याला उतरून, पुढे आणखी एक गाडी बदलून, घामाने निथळत दारात उभा राहिला.

“आजी, त्या दुपारचा मूळ तक्ता मिळाला तर तो शेरा काढता येईल,” तो म्हणाला. “तुमच्या यजमानांची नोंद खरी होती, असं मला वाटतं. त्याच दिवशी खालच्या वहाळाला पूर येऊन ये-जा करायचा साकव वाहून गेल्याची नोंद सापडलीय.”

हौसाला रडू आलं. एवढी वर्षं याच माणसाची तर वाट पाहिली होती. “उन्हातच हायत बगा,” ती म्हणाली. “येक पान वाळवीला दिलं न्हाय.”

तो अंगणात उकिडवा बसला. एक तक्ता उचलला, उलटला. मग दुसरा, मग तिसरा. छापील चौकटी होत्या. मागे पेन्सिलीने घातलेली तारीख होती, पेन्सिलीचीच महिपतची सही होती. रेघ कुठेच नव्हती.

“गावला?”

“आजी, हे दरवर्षी उन्हात घालता?”

“दर वरसाला. कदी चुकवलं न्हाय.”

ती शाई उन्हाने उडते, हे त्याने जमेल तितक्या हळू सांगितलं. थोडं खोटं बोलला असता तर काही बिघडलं नसतं, पण तेवढं त्या घडीला त्याला सुचलं नाही.

हौसाने खाली बसून एक तक्ता डोळ्यांशी धरला. “म्हंजे माज्या डोळ्यांचा दोष नव्हता,” ती म्हणाली. मग विचारलं, “आनि आमच्या ह्येंची सही?”

“ती आहे. अगदी स्पष्ट आहे.”

“आनि पाऊस?”

त्याने हातातला तक्ता खाली ठेवला. तक्ते गोळा करावेत म्हणून हात पुढे केला, पण ती आधीच उठली होती. डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी ताणून ती कोऱ्या तक्त्यांवर वाकली. पदराची सावली सगळ्यांना पुरेना, म्हणून या कडेची त्या कडेला सरकू लागली.

“आजी, राहू द्या आता,” तो म्हणाला.

“ह्येंना ऊन लागतंय,” हौसा म्हणाली आणि पदर आणखी ताणला.