साडेपाच किलोचा नांगर

निवृत्त झालं की माणसाला काहीतरी खूळ लागतं. कुणी टोमॅटो लावतं, कुणी सोसायटीच्या मीटिंगा नासवतं. ऊर्जानगरच्या वीज केंद्रातून फोरमन म्हणून सुटलेल्या प्रफुल खोब्रागडेनं शिडाची होडी बांधली. ती ट्रकवर घालून मालवणला न्यायची, किनाऱ्याकिनाऱ्यानं गोव्यापर्यंत जायचं, रात्री खाडीत नांगर टाकून झोपायचं, असा बेत होता.

बेत दोघांचा आहे, असं त्याच्या बायकोला, रोशनीला वाटत होतं. तीन वर्षं तिनं प्लायवूड घासलं, शिडं शिवली, बोटं फोडून घेतली. आणि गेल्या महिन्यापासून नवरा म्हणायला लागला, "श्रावणले घेऊन जातो. मानूस पायजे संग." श्रावण म्हणजे त्याचा ऑफिसातला दोस्त. त्यानं होडीला एक खिळा मारला नव्हता.

भांडण नांगरावर आलं. प्रफुलची कंबर कामातून गेलेली, तेव्हा रोज सकाळी नांगर ओढायचा तो सोबतच्यानं. रोशनीनं कुरखेड्यात तीस वर्षं नर्सची नोकरी केली होती. रुग्ण उचलून उचलून तिचा उजवा खांदा गेला होता. हे ठाऊक असून प्रफुलनं शफी वेल्डरकडून बावीस किलोचा लोखंडी नांगर करून आणला.

"हा उचलता येत असंल तर चाल. नाई तर घरी बस."

रोशनीनं कुरिअरनं ॲल्युमिनियमचा नांगर मागवला. दोन रुंद पाती, सुट्टे भाग जोडायचे, वजन साडेपाच किलो.

"हा नांगर आहे का भजे तळाचा झारा?" प्रफुल हसला. "धरणावर पाहू. तुझा टिकला तर तू चाल. नाई टिकला तर श्रावण."

एप्रिलची दुपार होती. धरणावर गरम वारा सुटला होता. होडीत तिघं होते. तिसरा लटारू, धरणावर जाळी टाकणारा ढिवर. त्याचा डोंगा, लहानसं लाकडी होडकं, मागं बांधला होता.

"दोन्ही नांगर लटारूच टाकंल," प्रफुल म्हणाला. "मंग नको म्हनू का मी लबाडी केली."

लटारूनं बांबूनं पाणी मोजलं. दोन पुरुष खोल होतं. डोंग्याला दगड बांधतात तसा त्यानं लोखंडी नांगर सरळ खाली सोडला, पाणी होतं तेवढाच दोर दिला आणि बांधून टाकला. त्याचा बाप असाच बांधायचा, आजाही. नांगर चिखलात बसला. बुडालेल्या सागाच्या खोडाशेजारी होडी होती तिथंच राहिली.

लटारूनं तो वर ओढून घेतला. मग रोशनीचा. तसाच सरळ, तेवढाच दोर. वाऱ्याचा झपका आला आणि होडी चालू लागली. सागाचं खोड मागं पडलं. ॲल्युमिनियमचा नांगर खाली नुसता खरडत होता.

"हातच्या कांकणाले आरसा कायले पायजे?" प्रफुल आनंदानं उभा राहिला. "ठरलं. श्रावण."

रोशनी आपला नांगर वर ओढून घेऊ लागली. तीन वर्षं डोळ्यांसमोरून गेली. तेवढ्यात तिला दिसलं, प्रफुल जिथं बसला होता तिथं टॉवेलखाली दोराचं वेटोळं होतं. तेरा-चौदा पुरुष लांब तरी. अख्खी परीक्षा हा माणूस त्यावर ठाण मांडून बसला होता.

होडीच्या पुस्तकातलं एक पान तिला आठवलं. हलका नांगर वजनानं धरत नाही, त्याची पाती चिखलात रुततात. पण ओढ आडवी हवी, म्हणून दोर पाण्याच्या खोलीच्या सातपट द्यायचा. सरळ वर ओढलं की पाती निसटतात. त्या ओळीखाली पेन्सिलची रेघ होती. रेघ तिची नव्हती.

म्हणजे याला माहीत होतं! लटारूचा हात कसा चालतो तेही माहीत होतं, म्हणूनच त्याच्या हातून टाकवलं. रोशनीचं डोकं संतापानं बधिर झालं.

"लटारूभाऊ, एक बार अजून. आता मी टाकीन."

"झालं न एकदा!" प्रफुल ओरडला. तिनं टॉवेल फेकला, सगळा दोर जोडला, नांगर सोडला आणि होडी वाऱ्यानं मागं जाऊ दिली. दोर लांबच लांब गेला. मग असा हिसका बसला की प्रफुल मटकन खाली बसला. होडी जागच्या जागी थबकली.

रोशनी डोंग्यात उतरली. "चाला, लटारूभाऊ."

"अन् हा कोन उचलंल?" प्रफुलनं विचारलं.

"तुमीच. कसा सुटते ते तुमाले माईत आहे."

काठावर मोहाच्या झाडाखाली ती बसली. तासभर प्रफुल हाका मारत राहिला. मग कंबर धरत पुढं गेला आणि दोर ओढू लागला.

"दोर सरळ करून राह्यले साहेब," लटारू म्हणाला. "आता सुटंल."

"मघा तसाच सुटला होता. तुमच्या हातानं, त्याइच्या अकलेनं," रोशनी म्हणाली.

लटारूला उमगायला थोडा वेळ लागला. उमगल्यावर तो पाण्यात थुंकला.

होडी काठाला लागली. प्रफुल खाली पाहत म्हणाला, "चाल, तुझाच घेऊ. येशीन न?"

"पुस्तकातली रेघ कवा मारली होती?"

तो दोर गुंडाळायला लागला. रोशनीनं नांगराचे भाग सुटे केले, पिशवीत घातले आणि पिशवी दुखऱ्या खांद्यावर टाकली. खांदा कुरकुरला नाही. ती बसच्या रस्त्याला लागली.

मागं होडीत बावीस किलोचा नांगर पडून होता. लटारूनं त्याला हात लावला नाही. प्रफुल वाकायला पाहत होता, वाकता येत नव्हतं, आणि श्रावण फोन उचलत नव्हता.