दंडावरचा दोरा आणि वकिलांचं बटण

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर दोरेबाबा आणि खाली मधुमेहाने गांजलेली माणसं. "रक्तातली साखर म्हणजे साठलेली चिंता," बाबा सांगत होते. "ह्या काळ्या दोऱ्यात एक लाल धागा आहे. तो ती चिंता ओढून घेतो. मात्र दोऱ्याला गारवा लागतो. म्हणून जेवणाआधी ताटभर भाजी खायची. पालेभाजी, भेंडी, घेवडा, गाजर. गोड वर्ज्य. साखर उतरली की गोळ्या फेकून द्या."

आमच्या ह्यांनी दोरा दंडाला बांधून घेतला. हे शिंपी. नुसत्या बोटाने कापड ओळखणारा माणूस, पण बाबांपुढे अक्कल गहाण ठेवून आला. मी अडवलं नाही, कारण लग्नानंतर प्रथमच हे भाजीला नाक न मुरडता जेवत होते.

महिन्याने रक्त तपासलं. साखर उतरली होती, कोलेस्टेरॉलही. ह्यांचे पाय जमिनीवर ठरेनात. "उद्यापासून गोळ्या बंद," म्हणाले.

साखर वाढून ह्यांना आधीच धूसर दिसत होतं. शिंप्याचे डोळे गेले तर घर कशावर चालणार?

मी डॉक्टर नणंदेला दुकानात बोलावलं. ती भावाची समजूत घालत होती, तेवढ्यात आमचे गिऱ्हाईक वकीलसाहेब, त्याच महिन्यात बटण लावून नेलेला कोट घेऊन आले. "मास्तर, काळ्या कोटाच्या बटणाला लाल धागा कशाला लावलात?"

ह्यांनी बटण डोळ्यांजवळ नेलं. धागा बाबांच्या दोऱ्यातला होता. काम करताना काचतो म्हणून पहिल्याच आठवड्यात ह्यांनी दोरा सोडून मशीनवर ठेवला होता. धूसर नजरेला तिथले दोन्ही दोरे सारखेच दिसले. बाबांचा बटणाला लागला आणि रिळाचा दंडाला. नणंदेने बाही वर केली. दंडावर साधा काळा दोरा होता.

"म्हणजे बाबा माझ्या छातीवर होते तर," वकील म्हणाले. "कोट रोज घालतो मी. माझी साखर मात्र वाढलीय."

"दादा, तुझी भाजीने उतरवली," नणंद म्हणाली. "भाजीतल्या चोथ्यामुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश जाते. काही चोथा आतड्यातलं पित्त धरून बाहेर नेतो. मग नवं पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. शिवाय गोळ्या चालू होत्या, गोड बंद होतं. बाबांनी डॉक्टरांचाच सल्ला उचलला आणि श्रेय दोऱ्याला दिलं."

"मग गोळ्या?"

"कमी करायच्या का, ते तपासून ठरवू. परस्पर बंद केल्या तर गाठ माझ्याशी आहे."

ह्यांनी मुकाट्याने गोळी घेतली. पुढच्या सभेला नणंदही आमच्याबरोबर आली आणि तिथे ह्यांनी उभं राहून सगळी हकिगत सांगितली. बाबा डगमगले नाहीत. "वकिलाची श्रद्धा कमी पडली."

"आणि माझ्या रिळाची पुरली?" ह्यांनी विचारलं.

सभागृह खो खो हसलं. मागच्या रांगेतली एक बाई तेवढी हसली नाही. "आमच्या सासऱ्यांच्या गोळ्या आम्ही बंद केल्यात," ती म्हणाली. "सकाळपासून ते नीट बोलत नाहीत."

नणंद तशीच उठून तिच्याबरोबर गेली. सासरे वाचले, पण दवाखान्यात बरेच दिवस काढून.

तेव्हा भाजी जरूर खा, ताट भरून खा. तिचा गुण खरा आहे आणि तो कुठल्याही बाबाच्या मालकीचा नाही. पण चालू औषध थांबवायला कुणी सांगितलं, तर आधी एवढंच विचारा: उद्या माझी तब्येत बिघडली, तर तुम्ही कुठे सापडाल?