कर्लीच्या मुखाशी रावस

कार्तिकातली पहाट कर्ली नदीवर उतरली ती धुक्याचे दुधी पदर सोडीत. पाणी अजून पाणी नव्हते. तो होता एक निद्रिस्त, नीलधूसर निःश्वास. माडांच्या माथ्यांना उजेड लागला, कांदळवनाच्या मुळांशी काळोख रेंगाळला, आणि त्या दोहोंमधून भरतीचे पाणी समुद्राकडून हलकेच आत येऊ लागले.

देवबागच्या काठाला वाळूत कललेल्या पिवळ्या कयाकशेजारी भालचंद्र कुबल उभा होता. अनवाणी. हातात गुंडाळलेला गरीचा दोर.

त्याची मुलगी वैजयंती वल्ही खांद्यावर घेऊन आली आणि बापाला तिथे पाहून जागीच थबकली.

तीन वर्षे हा माणूस पाण्याकडे पाठ करून बसला होता. थोरला मुलगा सुहास वादळात दर्यावर गेला, होडी परत आली, सुहास आला नाही. तेव्हापासून भालचंद्राने नदीकडचे दार लावून घेतले आणि ओसरीवर लोकांची जाळी विणीत राहिला. वैजयंती पर्यटकांना कयाकमधून नदी दाखवी. तो तिला जाऊ नको म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. सांजेला ती घरी आली की त्याच्या बोटांत थांबलेली सुई पुन्हा चालू लागे, एवढेच.

पण काल एक घडले होते. त्याची बायको सुलोचना, दीर्घ आजारातून उठलेली, अन्नावरची वासना उडालेली, तांदूळ निवडता निवडता म्हणाली की रावस खावासा वाटतो. कुणाला उद्देशून नव्हे. सुपातल्या दाण्यांना सांगावे तशी. सुहास गेल्यापासून तिने काही मागितले नव्हते. भालचंद्राने ते ऐकले, आणि रात्रभर ते एकच वाक्य त्याच्या उशाशी जागत राहिले.

 वैजयंतीने कयाक पाण्यात लोटली आणि मागची जागा त्याला दाखवली.

किती हलकी ही होडी! हिला लाकडाचा गंध नाही, तेलाचा वास नाही. जणू पाण्यावर ठेवलेले एक पिवळे पान. भालचंद्राने दोन्ही कडा घट्ट धरल्या. खाली नदी श्वास घेत होती, आणि तो श्वास त्याच्या मांड्यांतून, पाठीतून, कानांपर्यंत चढत होता. तो ओळखीचा होता. म्हणूनच भयंकर होता.

सूर्य वर आला. धुके विरले, पाणी पाचूचे झाले, मग काचेचे, मग वितळल्या रुप्याचे. वैजयंती वल्हवीत राहिली. रावस भरतीबरोबर आत येतो, पलीकडच्या बेटाशी वळतो, असे तिने हळू आवाजात सांगितले. त्याने मान हलवली. गरीला कोळंबी लावताना त्याची बोटे क्षणभरही चुकली नाहीत. पण दोर पाण्यात सोडायची वेळ आली तेव्हा तो त्याने मुलीच्या हाती दिला.

मग वाट पाहणे. पांढरा बगळा, पांढरे ऊन, पांढरी शांतता. नदी भरत गेली, भरत गेली, काठोकाठ भरून स्तब्ध झाली. दुपार त्या स्तब्धतेवर टेकली.

आणि दोर ताठ झाला.

खोल पाण्यात काहीतरी रुपेरी, रागीट, जिवंत वळले. वैजयंतीने दोर खेचला, दोराने तिला खेचले. ती कडेवर वाकली; कयाक कलली; हिरवे पाणी काठावरून आत आले. भालचंद्राला मुलीचा झुकलेला खांदा दिसला आणि त्यापलीकडे पाणी, तेच पाणी, मुख पसरून बसलेले. त्याच्या छातीत तीन वर्षांचा गोठलेला दर्या एकदम फुटला.

त्याने अंग दुसऱ्या बाजूला टाकले. वल्हे आडवे पाण्यावर दाबले. आणि लाटांच्या डोक्यावरून होड्यांना हाका मारणारा त्याचा तो जुना, रुंद, खारा आवाज घशातून वर आला.

"वाकू नको, चेडवा. सैल सोड तेका. मासो दमलो काय आपणच येतलो."

कयाक सावरली. वैजयंतीने दोर सैल सोडला. त्याने वल्हे मांडीखाली दाबले आणि तिच्या हातामागे आपला हात दोरावर ठेवला. आता दोर एकच, हात दोघांचे. माशाने ओढावे, यांनी सोडावे; माशाने थांबावे, यांनी घ्यावे. सोडणे आणि घेणे, सोडणे आणि घेणे, नदीच्याच लयीत, जोवर तो रावस, पाठीला पोलादी, पोटाला रुपेरी, कडेला सोनसळी, थकून, झळकत, त्यांच्या बाजूला आला.

तो आत आल्यावर भालचंद्राने ओला तळवा त्याच्या डोळ्यावर ठेवला. माशाची थरथर थांबली. 

"सुहासाक ह्यां सांगूक कोण नव्हता गे, वैजू," तो म्हणाला. "मी काठार होतंय."

वैजयंती पाठमोरीच राहिली.  दोराने कापलेले बोट तिने नदीत बुडवले. तांबडी रेघ उमटली आणि विरली.

"आज होडयेत होतास मा, बाबा," ती म्हणाली.

ओहोटी लागली. ऊन कलले, नदी समुद्राकडे निघाली. घराजवळच्या काठाकडे वैजयंतीने कयाकचे नाक वळवले, तेव्हा मागून भालचंद्राचे वल्हे पाण्यात उतरले आणि कयाक सरळ झाली.

"वायच पुढे जावया."

काठावर सुलोचना येऊन उभी होती. दोघांना पुढे जाताना पाहून तिने हाक मारली नाही. पदर सावरला आणि वाळूत बसली.

पुढे नदीचे मुख. फेसाची एक लांब, शुभ्र, हलती रेघ. अलीकडे नदी, पलीकडे दर्या. भालचंद्राने तिथे वल्हे उचलून धरले. त्याने हात जोडले नाहीत, जाब मागितला नाही. तो फक्त पाहत राहिला, उघड्या डोळ्यांनी, त्या अथांग, अस्तरंगी, अविचल निळाईकडे.

वल्ह्याच्या पात्यावरून पाणी निथळत होते. थेंब नदीत पडत होता, थेंब दर्यात पडत होता. आणि संथ, दीर्घ, सांध्य लाट त्या दोघांना उचलत होती, ठेवत होती, उचलत होती, ठेवत होती.